उघडायचं नाही

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा आठ दिवस राहायला आला होता. यंदा नववीत गेलेला. दिवसभर मोबाईल. मी दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा ओरडायला गेले तर म्हणाला, "खाला, गेम नाही खेळत, वाचतोय. हे सोडवून दे ना."

वाचत होता ते 'एससीपी फाउंडेशन'. मला काहीच माहीत नव्हतं, त्यानं समजावलं. जगात जे जे अनैसर्गिक, भयंकर सापडतं ते पकडून कोंडून ठेवणारी एक गुप्त संस्था आहे, अशी कल्पना. प्रत्येक वस्तूला क्रमांक, आणि प्रत्येक गोष्ट म्हणजे त्या संस्थेच्या दफ्तरातली एक कोरडी फाईल. २००७ साली कुणा अनामिकानं १७३ क्रमांकाची पहिली फाईल इंटरनेटवर टाकली. त्यात एक पुतळा आहे. त्याच्याकडे बघत राहिलं तर तो जागचा हलत नाही, पापणी लवली की मान मोडतो. पुढे लोक लिहीतच गेले. आज अशा हजारो फायली आहेत. कुणीही लिहावं, वाचकांनी मत द्यावं, नापसंत पडलेली फाईल काढून टाकावी. सगळं मुक्त परवान्याखाली आहे.

मला भुताच्या गोष्टी आवडत नाहीत. नानीनं लहानपणी इतक्या सांगितल्या की पोट भरलं. पण या फायलींची एक खोड मला आवडली. त्या वाचकाला नुसतं बसू देत नाहीत. कुठे मजकुरावर काळी पट्टी मारलेली, तिथलं आपण ताडायचं. कुठे बटण दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ५५ क्रमांकाची वस्तू काय आहे हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, पण ती काय 'नाही' हे मात्र राहतं. मग संस्थेचे लोक त्या वाटेनं जातात. ती गोल नाही, एवढं एक कळतं. मला हसू आलं आणि मग जरा वेळानं अंगावर काटाही आला.

भाच्याला अडलेली फाईल होती २५२१. तिचं नावसुद्धा अंकात लिहिलेलं नाही. दोन ठिपके, पाच ठिपके, दोन ठिपके, एक ठिपका. आत एकही शब्द नाही, सगळी चित्रं. आम्ही दोघं अर्धा तास त्यावर डोकं लावून बसलो. माणूस, कागद, पेन, काळी आकृती, बाण. मी म्हणाले, काहीतरी चोरीचं प्रकरण आहे. तो म्हणाला, नाही.

तेवढ्यात माझा धाकटा भाऊ छापखान्यातून आला. त्याला ऐकू येत नाही, चार वर्षांचा होता तेव्हापासून. घरात आम्ही हातवाऱ्यांनी, ओठांच्या हालचालींनी आणि आता मोबाईलवर लिहून बोलतो. भाच्यानं मोबाईल त्याच्यापुढे धरला. त्यानं उभ्या उभ्या, चपलासुद्धा न काढता, बोट खाली सरकवत नेलं आणि दोन मिनिटांत आम्हाला खुणा करून सांगितलं. याच्याबद्दल कुणी लिहिलं की हा येतो, कागद आणि माणूस दोन्ही घेऊन जातो. बोललं तरी येतो. चित्र काढलं तर येत नाही. म्हणून ही फाईल चित्रांची.

बरोबर होतं. सगळं जुळलं. भाचा ओरडला, "मामू!" आणि त्याच्या गळ्यातच पडला. भावाला त्यात काही विशेष वाटलं नाही. जगानं त्याच्याशी बरंचसं असंच बोलावं अशी त्याची सवय आहे. (मी इथे शब्दांत लिहिलं, तेव्हा नियमानं आता मला न्यायला कुणीतरी यायला हवं.)

रात्री जेवणं झाल्यावर भाच्यानं मला दुसरं पान दाखवलं. १ क्रमांकाच्या फाईलचं. तिथे आधी इशारा आहे. परवानगी नसताना कुणी खाली सरकलं तर पुढचं चित्र पाहताच त्याचं हृदय बंद पडेल. त्या जीवघेण्या चित्राच्या नावात लँगफर्ड हे आडनाव आहे. डेव्हिड लँगफर्ड नावाच्या ब्रिटिश लेखकानं १९८८ साली, नुसतं पाहिल्यानं माणूस मरतो अशा चित्राची कथा लिहिली होती, त्याला हा सलाम. खाली सरकलं की एक गुंतागुंतीची नक्षी दिसते, आणि तिच्याखाली लिहिलेलं असतं की तुम्ही जिवंत आहात, म्हणजे तुम्हाला परवानगी आहे.

भाचा खिदळला. "सरकव ना, खाला."

माझं बोट सरकेना.

मी नऊ वर्षांची होते. भाऊ चार वर्षांचा, सारखा आजारी पडायचा, म्हणून नानीनं त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ताविज बांधला होता. चामड्यात शिवलेला. अब्बांना ते अजिबात पसंत नव्हतं. दीनमध्ये याला जागा नाही असं ते म्हणायचे, पण सासूपुढे बोलायचे नाहीत. नानीनं मला बजावलं होतं, "खोलना नै बेटा, असर जाता." आता मला सांगा, नऊ वर्षांच्या पोरीला असं सांगितल्यावर ती काय करणार?

एका दुपारी तो झोपलेला असताना मी ब्लेडनं शिवण उसवली. आत मेणकापड, त्याच्या आत घडी केलेला कागद. केशरी शाईनं नऊ घरं काढलेली आणि प्रत्येक घरात एक आकडा. बस्स. मी कागद परत घातला, काळ्या दोऱ्यानं शिवून टाकला. कुणाला कळलं नाही. आठ दिवसांनी भावाला ताप भरला, मान ताठ झाली, उलट्या. दवाखान्यात मेंदूज्वर निघाला. वाचला, पण कान गेले.

पुढे मी जीवशास्त्र शिकले. मेंदूज्वरात आतल्या कानाला इजा होते हे मला कुणी सांगायला नको. त्या नऊ घरांचंही मी नंतर शोधलं. उभी, आडवी, तिरपी, कशीही बेरीज करा, पंधराच येते. आपल्याकडे अक्षरांना आकडे देण्याची अबजदची रीत आहे, अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४. बिस्मिल्लाहचे ७८६ तिथूनच आले. त्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत २, ४, ६, ८ येतात. त्यांची अक्षरं बे, दाल, वाव, हे. जोडून वाचलं की 'बुदूह'. अर्थ काहीच नाही, पण शेकडो वर्षं लोक तो शब्द ताविजांवर लिहीत आलेत. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेल्या इमाम गझालींनीही अडलेल्या बाळंतिणीसाठी या चौकोनाचा उल्लेख केलाय. चीनमध्ये तर तो त्याही आधीपासून आहे. म्हणजे मी जे उघडलं ते एक गणिताचं कोडं होतं. हे सगळं कळूनही बोट सरकत नव्हतं.

सिनेमातलं भूत पडद्यावरच्या माणसाला धरतं. आपण खुर्चीत असतो, डोळे मिटले की सुटलो. कोडं घातलेल्या गोष्टीत तसं नाही. तिथे कुलूप आपण काढतो, मेहनत आपली असते, म्हणून आत जे असेल त्यात आपला हात असतो. २०१० साली अॅलेक्स हॉल नावाच्या अमेरिकन कॉलेजकुमारानं 'बेन ड्राउन्ड' ही गोष्ट इंटरनेटवर तुकड्या-तुकड्यांत घातली. झपाटलेल्या व्हिडिओ गेमची. वाचकांनी मिळून त्यातल्या सांकेतिक खुणा उलगडल्या आणि माग काढत एका संकेतस्थळावर पोचले. त्या स्थळाचा पत्ताच असा होता: तू असं करायला नको होतंस.

भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेले.

त्या पोरांचं बरं असतं. त्यांच्यावरचा ठपका उसना असतो. पान बंद केलं की मिटला, आणि तो ठपका ठेवणारा कुणीतरी लेखक असतो, ज्यानं कोडं रचलेलं असतं. माझ्या कोड्याचा लेखक कोण? मी बत्तीस वर्षं एकटीच त्याची उत्तरं जुळवत बसले होते. ब्लेड, मग ताप, मग कान. बाण काढून ठेवले होते, एकापुढे एक.

दुसऱ्या दिवशी रविवार. भाचा झोपलेला. भाऊ चहा पीत होता. मी मोबाईलवर लिहिलं. खूप वेळ लागला, पुसून पुसून लिहिलं. ताविजचं, ब्लेडचं, सगळं. त्याच्यापुढे धरलं.

त्यानं वाचलं. पुन्हा वर जाऊन वाचलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि पापणीसुद्धा लवू देत नव्हते. त्यानं मोबाईल घेतला आणि लिहिलं, "आत काय होतं?"

मी कालच्या पेपरच्या कोऱ्या कडेवर नऊ घरं काढली. वर ४, ९, २. मध्ये ३, ५, ७. खाली ८, १, ६. त्यानं पेन माझ्या हातातून घेतलं, आडव्या ओळींची बेरीज केली, मग उभ्यांची. भुवया उंचावल्या. मग तिरपी करून बघायला लागला. चहा तसाच राहिला.