डोंगराचे पुनर्वसन?

पुण्याच्या आदिवासी संग्रहालयातील जपलेल्या वस्तू पाहून आम्हांस समाधान वाटते. पण गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर कोणत्या कपाटात ठेवणार? माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे ते स्थान. जानेवारीत तेथे यात्रा भरते. डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे. २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला, २०१६ पासून उत्खनन सुरू झाले.

‘देव सर्वत्र आहे, मग एका डोंगराचा एवढा आग्रह का?’ असे आमचे काही सुशिक्षित भाविक विचारतात. उद्या रस्त्यासाठी आपल्या पूर्वजांची दफनभूमी मागितली, तर आपण असेच बोलू काय? नोकऱ्या हव्यात, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि मूर्ती असती तर अन्यत्र प्रतिष्ठापिता आली असती. जेथे डोंगर हेच देवस्थान, तेथे पुनर्वसन कसले? पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात, अशा समाजांना भूमी ही विक्रेय वस्तू नसून देवाचे व पूर्वजांचे दान वाटते, याची जाणीव दिली आहे.

ओडिशातील नियमगिरीचा निर्णय २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांवर सोपविला. बारा ग्रामसभा भरल्या. बाराही जणींनी खाण नाकारली. सुरजागड परिसरातील ग्रामसभांनीही विरोधाचे ठराव केले. तेथे उत्खनन चालूच आहे.