आकडा कुठला बदलायचा?

परवा संध्याकाळी भाची वही घेऊन आली. यंदा दहावी.

"मावशी, उद्या टेस्ट आहे आणि मला ही रासायनिक समीकरणं संतुलितच करता येत नाहीत. मी कॉमर्सच घेणार. सायन्स आपलं काम नाही."

हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. तीसेक वर्षांपूर्वी, याच समीकरणांपाशी, मी ते म्हटलं होतं. फळ्यावर माझं समीकरण चुकलं, सर "चूक, बस खाली" म्हणाले, वर्ग हसला आणि मी बसले ती कायमचीच. पुढे कॉमर्स, मग अकाउंट्सची नोकरी, मग रोजची विरार लोकल. तक्रार नाही. पण चूक नेमकी काय होती, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

वही उघडली, तर चूक तीच!

लोखंड गंजण्याचं समीकरण होतं. डावीकडे लोखंड म्हणजे एफ-ई, आणि हवेतला ऑक्सिजन, ओ-टू. उजवीकडे गंज, एफ-ई-टू-ओ-थ्री. ऑक्सिजनचे अणू डावीकडे २, उजवीकडे ३. बाईसाहेबांनी ओ-टूच्या पायाशी असलेला २ खोडून सरळ ३ केला होता.

"अगं, ओ-थ्री म्हणजे ओझोन झाला. आकडा जुळला, पण पदार्थच बदलला!"

इथे माझं अकाउंट्स कामी आलं. ताळा जुळत नाही म्हणून व्हाउचरवरची रक्कम खोडता येते का? अशी व्हाउचरं किती आहेत, तेवढंच पुन्हा मोजायचं. तसंच हे. पायाशी लिहिलेला आकडा ही पदार्थाची ओळख, त्याला हात लावायचा नाही. आधी लिहायचा सहगुणक म्हणजे 'असे किती', तो आपण ठरवायचा.

मग बसलो दोघी. २ आणि ३ चा लसावि ६. म्हणून ओ-टू घेतले ३ आणि गंज घेतला २. आता गंजात लोखंडाचे अणू झाले ४, म्हणून डावीकडे एफ-ईसुद्धा ४. पुन्हा मोजलं. लोखंड ४-४, ऑक्सिजन ६-६.

"पण मावशी, हे जुळायलाच का हवं?"

खरा प्रश्न हाच. मी तिला खिडकीशी नेलं. खाऱ्या हवेत ग्रिलचं काय होतं, ते वसईकरांना मी काय सांगणार! कितीही रंग काढा, पोपडे निघतातच.

"लोखंड गंजलं की वजन कमी होतं की जास्त?"

"कमी! झडतंय की."

मग वहीत मांडलं. लोखंडाचं अणुवस्तुमान ५६ आणि ऑक्सिजनचं १६ धरलं, तर २२४ ग्रॅम लोखंड आणि ९६ ग्रॅम ऑक्सिजन मिळून ३२० ग्रॅम गंज. म्हणजे झडलेला सगळा भुगा गोळा केला, तर तो मूळ लोखंडापेक्षा जडच भरेल! (खऱ्या गंजात पाणीही असतं, ते इथे सोडून दिलंय.) जास्तीचं वजन आलं हवेतून. फ्रान्सच्या लाव्हाझिएने बंद भांड्यात धातू तापवून हेच पाहिलं आणि १७८९ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं, की प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर द्रव्य तेवढंच राहतं. अणू नवे येत नाहीत, नाहीसेही होत नाहीत, फक्त जोड्या बदलतात. म्हणून दोन्ही बाजू जुळायला हव्यात. सरांनी सांगितलं म्हणून नव्हे.

मग तिला प्रोपेन दिला. आपल्या गॅस सिलिंडरमध्ये असतो तो. कार्बन ३, हायड्रोजन ८. जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. "ऑक्सिजन शेवटी जुळव, उजवीकडे तो दोन ठिकाणी आहे," एवढंच सांगून मी चहा टाकायला गेले. बाहेरून पुटपुटणं ऐकू येत होतं. कार्बन डायऑक्साइड ३... पाणी ४... ऑक्सिजन ६ आणि ४, १०...

"पाच! मावशी, ओ-टू पाच!"

ऐकायला धावले आणि चहा उतू गेला. असो.

सायन्स की कॉमर्स, तिचं अजून ठरलेलं नाही. घेईना का कॉमर्स, काही वाईट नाही ते :) पण पायाशी खोडलेल्या एका आकड्यापायी नको.