नेकनूरजवळची गरम भाकरी आणि माझी चूक

"बाहेरचं खाऊ नका." गेली पंचवीस वर्षं मी हे वाक्य पेशंटना सांगत आलो आहे. पण प्रवासात बाहेरचं खाल्ल्याशिवाय भागत नाही, आणि कधी कधी वेळेवर न खाणं हेच जास्त धोक्याचं असतं. हे मला बीड जिल्ह्यातल्या नेकनूरजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नीट कळलं.

मार्गशीर्षात आईला अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला घेऊन निघालो होतो. आई ७८ वर्षांची. तिला मधुमेह आहे, सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची गोळी असते. तिला गाडी लागते, म्हणून त्या दिवशी तिने पोह्यांऐवजी फक्त चहा आणि दोन खारी खाल्ल्या. गोळी मात्र मीच नेहमीसारखी हातावर ठेवली. नगर सोडलं, जामखेड आणि पाटोदा झालं. साडेबारापर्यंत अंबाजोगाईत जेवू, असा हिशोब होता. मांजरसुंब्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत चाललो. नेकनूर ओलांडलं तेव्हा दीड वाजत आला होता.

आई चिडचिड करू लागली होती. "कशाला आणलंस मला? घरी चल." मला वाटलं, भूक लागली असेल, कंटाळली असेल. रस्त्याकडेला लिंबाच्या झाडाखाली एक शेड दिसलं. पाटी नाही, चार बाकडी, चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या एक ताई आणि वाढायला त्यांचे यजमान. बायको म्हणाली, "इथंच थांबू." मला पटत नव्हतं, तरी थांबलो.

उतरल्यावर मी काय केलं असेल? डॉक्टर ना मी! पाण्याची टाकी झाकलेली आहे का, भांडी कुठे धुतात, तेल काळं झालंय का, हे बघत फिरत होतो. तेवढ्यात चुलीपुढून आवाज आला, "ओ भाऊ, आज्जीकडं बघा आधी. केवढा घाम फुटलाय त्यांना!"

मागे वळून पाहिलं. थंडीच्या दिवसात आईचं कपाळ घामानं डबडबलं होतं, हात थरथरत होते. पिशवीतून ग्लुकोमीटर काढला. साखर ५८. म्हणजे हायपोग्लायसेमिया, साखर एकदम उतरणं. सकाळपासूनची चिडचिड हे त्याचंच लक्षण होतं, आणि ते माझ्याच नजरेतून सुटलं होतं.

मी साखर मागितली, तर ताईंनी डबाच पुढे केला. आमच्या बाटलीतल्या अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर घालून आईला पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ८४ झाली होती. आई शांतपणे म्हणाली, "भाकरीचा वास छान येतोय रे." तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मग जेवलो. तव्यावरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकरी, वाफाळणारं पिठलं, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. मोठ्या हॉटेलात इतकं साधं आणि इतकं चांगलं जेवण मला क्वचितच मिळालं आहे. तिघांपैकी कुणाचंही पोट बिघडलं नाही, आणि यात नुसतं नशीब नव्हतं. तिथे दोन-तीनच पदार्थ होते, गिऱ्हाईक सतत होतं, म्हणून काही साठून राहत नव्हतं. जंतू झपाट्यानं वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे. चुलीवरून उतरलेल्या वाफाळत्या अन्नात त्यांना ती संधी मिळत नाही. सकाळी शिजवून उघडा ठेवलेला भात, चिरून ठेवलेली काकडी, पाणी घालून वाटलेली कच्ची चटणी, बर्फ, यांची भीती जास्त. कांदा आम्ही समोर चिरून घेतला आणि पाणी आमचं प्यायलो. दिव्यांची रोषणाई किंवा पाटी पाहून हे कळत नाही, चूल पाहून कळतं.

आता मधुमेह असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काही गोष्टी:

१. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण कमी पडलं किंवा लांबलं, तर साखर उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिननं असं सहसा होत नाही. गोळी मनानं बंद करू नका. प्रवासाआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

२. घाम, थरथर, धडधड, एकदम लागलेली भूक ही लक्षणं. वयस्कर माणसांत नुसती चिडचिड किंवा गोंधळलेपणही असू शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो.

३. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, कमी असेल तर पुन्हा द्या. नंतर जेवण हवंच. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

४. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या.

५. या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ राहतो. एकदा बरं वाटलं तरी दिवसभर लक्ष ठेवा. आईची साखर मी रात्रीपर्यंत चार वेळा तपासली.

६. भाकरीनं साखर वाढतच नाही, हा गैरसमज आहे. ती गव्हाच्या पोळीसारखीच मोजून खायची.

आता माझ्या गाडीत साखरेची पुडी आणि फुटाणे कायम असतात. आणि ड्रायव्हर पेशंटना मी नुसतं "बाहेरचं खाऊ नका" असं सांगत नाही. कुठे थांबायचं, काय मागायचं आणि किती वाजता, हे सांगतो.

दोन दिवसांनी परतताना आम्ही मुद्दाम तिथेच थांबलो. ताईंनी आईला पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटत विचारलं, "आज्जी, आज जेवायच्या वेळेला आलात ना?"

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "याला विचारा."