पान पाहून पाणी देऊ नये

चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, तीन गोष्टी अति वापरू नयेत असं सांगितलं आहे : पिंपळी, क्षार आणि मीठ. त्यांतली पहिली आमच्या अंजनगाव सुर्जीच्या मळ्यांत पिकते. आम्ही तिला पानपिंपरी म्हणतो. अकोट, तेल्हारा आणि अंजनगाव हा तिचा पट्टा, आणि आमच्या बारी समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या नागवेलीच्या पानांवर आणि या पिंपरीवर उभी राहिली. आपल्या पोटापाण्याच्या पिकाबद्दलचा हा इशारा मला खटकला नाही. मळ्यात शिकलेलंच कुणीतरी लिहून ठेवलंय असं वाटलं.

'अति' हा शब्द आपण दोन तऱ्हांनी वापरतो. 'अतिशय गोड' म्हटलं की कौतुक. पण 'तू अती करतोस' म्हटलं की तीच दोन अक्षरं रागाची होतात. एखाद्याला काही फार आवडतं, इथवर कुणाची तक्रार नसते. आवड नेमकी कुठे अति होते, हे मात्र सांगता येत नाही. वेलीजवळ राहिलं की ते थोडं कळतं.

पिंपरीची वेल नाजूक. वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन तिला सोसत नाही. म्हणून पांगारा, हादगा, शेवरी लावून आधी तिची सावली उभी करायची आणि मग त्याच झाडांवर तिला बांधून चढवायचं. वाऱ्याला आडोसा हवा, मुळाशी ओल हवी. पण पाणी साचता कामा नये. साचलं की फायटोप्थोरासारखी बुरशी मुळं आणि बुडखा कुजवते. वर शेंडा हिरवागार असतो, तेव्हाच खाली काम सुरू झालेलं असतं. मग पानं माना टाकतात. नवखा माणूस ती मलूल पानं पाहतो, वेल तहानली असं समजतो आणि आणखी पाणी सोडतो. मुळंच कुजलेली, ती पाणी उचलणार कशानं? त्याची माया खरी असते, आणि तीच वेलीला मारते.

बाबा एवढंच सांगत, "पान पाहून पानी देऊ नोको, माती पाहून दे." अति म्हणजे काय, हे मला या वाक्यानं शिकवलं. जास्त झाल्याचं लक्षण हुबेहूब कमी पडल्यासारखं दिसतं. म्हणूनच माणूस फसतो. आमच्याकडे सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्या पोरांना मी पाहतो. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होते, पुढे तोंड पुरतं उघडत नाही, तरी त्यांना वाटतं अजून एक पुडी हवी. शरीर सांगत असतं 'पुरे', त्यांना ऐकू येतं 'आण'. आमच्या मळ्यातलं पान जेवणानंतर एखाद्या विड्यात खाल्लं जायचं. जेवण संपलं, विडा संपला. खर्ऱ्याला असा शेवट नाही.

तर मग अति म्हणजे मोठा आकडा का? तसंही नाही. ज्या चरकानं पिंपळीबद्दल सावध केलं, त्यानंच चिकित्सास्थानात तिचं रसायन सांगितलं. त्याला वर्धमान पिप्पली म्हणतात. पहिल्या दिवशी 10 पिंपळ्या, रोज 10 वाढवत दहाव्या दिवशी 100, आणि मग तशाच रोज 10 कमी करत परत खाली. एकोणीस दिवसांत बरोबर 1000. हा प्रयोग सशक्त माणसासाठी, वैद्याच्या देखरेखीखालचा. मध्यम बळाच्यांसाठी त्यानं 6 ची आणि अशक्तांसाठी 3 ची पायरीही दिली आहे. हजार पिंपळ्या औषध ठरतात आणि सवयीनं रोज खाल्लेल्या थोड्याशा दोष साठवत जातात. फरक उताराचा आहे. चढायला लागतानाच खाली कधी यायचं ते ठरलेलं असतं.

पिंपरीची तोडही हेच सांगते. ती हिरवी, कडक असतानाच तोडून उन्हात वाळवायची. आणखी भरेल या लोभानं वेलीवर पिकू दिली की मऊ पडते, तिखटपणा उतरतो.

वेलीचे लाड करू नयेत, असं मी कुणाला सांगणार नाही. सावली, आडोसा, बांधणी हे सगळे लाडच आहेत, आणि त्यांच्याशिवाय ती जगत नाही. मी नव्या माणसाला इतकंच सांगतो : पाणी सोडण्याआधी बोट मातीत घाल, ओल लागली तर परत फिर, आणि पान कितीही केविलवाणं दिसलं तरी त्या दिवशी पाण्याला हात लावू नको. माझ्या मते संयम याचंच नाव आहे, आणि तो शिकता येतो.