बिनवातीचा पाय

आपल्या गोव्यात मेणाचा पाय म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात मेणबत्त्यांच्या शेजारीच मेणाचे हात, पाय विकायला मांडलेले असतात. जो अवयव दुखतो तो मेणाचा घेऊन गोंयच्या सायबाला वाहायचा. यात आपण हिंदूही मागे नसतो. हैदराबादला ताई स्कूटरवरून पडली, घोट्याचे हाड मोडले, तेव्हा माझी आई हाच नवस बोलली.

ताई काचीगुड्याला राहते. भावजी गेल्यावर ती घरीच शोभेच्या मेणबत्त्या करू लागली. गुलाब, कमळ, शंख, गणपती. बेगम बाजारातून साचे आणि मेणाच्या लाद्या आणायच्या आणि दुपारभर स्वयंपाकघरात खपायचे. २०२४ च्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे गेले, तेव्हा प्लास्टर निघाले होते, पण चालताना ती लंगडत होती.

तिथे मला पहिल्यांदा कळले की हे काम नुसते ओतण्याचे नाही. मेणाचे भांडे कधीही थेट आचेवर ठेवायचे नाही, फार तापले तर मेण पेट घेते. म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचा डबा. साठ अंशांच्या आसपास मेण पाण्यासारखे होते. मग त्यात थोडे स्टिअरिक ॲसिड. त्याने मेण पांढरेशुभ्र दिसते आणि साच्यातून सहज सुटते. मी उत्साहाने मुलांचे क्रेयॉन किसायला घेतले, तर ताई ओरडली. त्या रंगाने वात चोंदते म्हणे! निवताना मेण आक्रसते आणि वातीपाशी खड्डा पडतो. तो भरायला दुसऱ्यांदा ओतावे लागते. "माणूस पण एकदा ओतून भरत नाही," ताई म्हणाली आणि डबा उचलायला वळली.

एक गंमत सांगते. तेलुगूत मेणबत्तीला 'कोव्वोत्ति' म्हणतात. कोव्वु म्हणजे चरबी, वत्ति म्हणजे वात. पूर्वी चरबीच्याच बत्त्या असायच्या, ते त्या शब्दाने अजून धरून ठेवले आहे. मराठीत मेणबत्ती. आणि आपल्या कोकणीत नुसती 'वात'! मेण गेले, चरबी गेली, राहिली ती वात.

आईचा फोन आला. म्हणाली, "फेस्ताला जाते तेव्हा पाय तिथेच विकत घेते." ताईचा नवसांवर विश्वास नाही. पण हे ऐकून ती चिडलीच. "मी मेणाचा धंदा करते आणि माझा पाय दुसऱ्याकडून विकत? नवस तुझा, पाय माझा!"

पायाचा साचा काही घरात नव्हता. मग भाचीची जुनी बाहुली माळ्यावरून निघाली. तिच्या पायावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन फाकांचा साचा केला. कोरड्या प्लास्टरला मेण चिकटते, म्हणून ओतण्याआधी साचा पाण्यात भिजवला. पहिला पाय आम्ही घाईने काढला आणि तो नेमका घोट्यातच मोडला. दोघीही क्षणभर गप्प. मग ताईने तुकडे परत डब्यात टाकले. "मेणाचे हे बरे असते," एवढेच बोलली.

दुसऱ्यांदा तिने सवयीने वातीचा दोरा हातात घेतला. मी म्हटले, "ताई, हा पेटवायचा नसतो." ती थांबली. रोज जळून जाणाऱ्या वस्तू करणारी ती. एक वस्तू तरी न जळता राहणार, असे काहीसे तिच्या मनात आले असावे. दोरा तिने बाजूला ठेवला. पाय रात्रभर निवू दिला.

टॉवेलात गुंडाळून मी तो गोव्याला आणला. त्या वर्षी २१ नोव्हेंबरपासून सायबाचे शवप्रदर्शन होते, गर्दी विचारू नका. आईने पाय ठेवण्याआधी घोट्यावरून अंगठा फिरवला.

संध्याकाळी तिने ताईला फोन लावला. "आता दुखत नाही ना?"

"थंडीत दुखतो गं," ताई म्हणाली. मग जरा थांबून, "पण कसा झाला होता? सांधा दिसत नव्हता ना?"

"नाही गो," आई म्हणाली.

सांधा दिसत होता. मी काही बोलले नाही.