वडिलांची पद्मिनी

वडिलांची पद्मिनी धूर ओकू लागली, तेव्हा डोंबिवलीचा आमचा मिस्त्री म्हणाला, "काका, ११८ एन.ई.चे निसान इंजिन टाका. गाडी वाऱ्यासारखी पळेल!" चिरंजीव तत्काळ त्याच्या पक्षाला मिळाले.

मी हिशेब मांडला. जुने इंजिन १०८९ सी.सी., निसानचे ११७१. म्हणजे जोर ८२ सी.सी.चा अधिक. पण त्यासाठी माउंटिंग बदला, आर.टी.ओ.त नोंद करा, आणि एवढे करून पळायचे कोठे? शिळफाट्याच्या कोंडीत?

शेवटी जुनेच बोअर करून नवे पिस्टन बसवले. पहाटे किल्ली फिरवली. तोच, घसा खाकरल्यासारखा आवाज! आतून अर्धवट झोपेत आई म्हणाली, "आले वाटतं हे."

वडील जाऊन नऊ वर्षे झाली होती. चिरंजीवांनी पुन्हा निसानचे नाव काढले नाही.