शाईची निवड

बेळगावचा पाऊस कपाटातील कागदांनाही सोडत नाही. म्हणून शाई घेताना आम्ही रंगाआधी टिकाऊपणा पाहतो. रॉयल निळी डोळ्यांना सुखावते, पण एक थेंब ओळच्या ओळ पुसतो. लोहयुक्त निळी-काळी प्रथम फिकट उमटते, हवेने काळवंडते आणि पाण्याला दाद देत नाही. मात्र तिच्यामुळे पेन वरचेवर धुवावे लागते. निळी-काळी म्हणवणारी प्रत्येक शाई लोहयुक्त नसते, हेही ध्यानी असावे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी आरंभिलेल्या उद्योगाची ‘कॅमल’ शाई स्वस्त व सुलभ. परदेशी लोहयुक्त बाटली कैक पटींनी महाग, शिवाय बाहेरून मागवावी लागते. रोजच्या हिशेबास स्वस्त निळी पुरे. परंतु १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात गेल्यापासून घरातील मराठी पत्रे हाच आमचा ठेवा. नातवंडांसाठी लिहिताना दामाकडे पाहू नये.